उन्हाळा आणि आपले घर

भारतासारख्या विस्तीर्ण देशात 'उन्हाळा' या एकाच शब्दाने ओळखला जाणारा ऋतू प्रत्यक्षात निरनिराळ्या रूपांनी अवतरत असतो. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंश सेल्सियसवर पोहोचला होता. कोचीसारख्या किनाऱ्यावरील शहरात मात्र ऐन मे महिन्यातही तो पस्तिसाच्या पुढे क्वचितच सरकतो. केवळ आकडे पाहिले तर कोचीचा रहिवासी सुखी आणि फलोदीचा दुःखी, असा निष्कर्ष कोणीही काढील. परंतु कोचीच्या रहिवाशाला विचारले तर तो आपला घामाने भिजलेला सदरा दाखवील आणि हे सुख आपल्याला ठाऊक नसल्याचे सांगेल.

मराठी भाषेने हा भेद फार पूर्वीच ओळखलेला आहे. विदर्भातील माणूस ऊन 'तापते' म्हणतो, झळा लागतात म्हणतो, अंगाची काहिली होते म्हणतो. मुंबईचा किंवा रत्नागिरीचा माणूस 'उकडते' म्हणतो. तापणे आणि उकडणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीत कोरडी आच असते, दुसरीत वाफ असते. घरात राहून उन्हाळ्याला तोंड द्यावयाचे असेल, तर आपल्या वाट्याला या दोहोंपैकी कोणती क्रिया आली आहे, हे प्रथम ओळखले पाहिजे. कारण एकीवरचा उपाय हा दुसरीत अपाय ठरतो.

समजा, बिकानेरच्या एखाद्या कर्मचाऱ्याची बदली कोलकात्यास झाली. पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेल्या रीतीप्रमाणे त्याचे कुटुंब सकाळी नऊच्या सुमारास दारेखिडक्या लावून घेते, फरशीवर पाणी शिंपडते आणि सोबत आणलेला कूलर सुरू करते. दुपारपर्यंत त्या घरात बसणे अशक्य होते. अंथरूण चिकट लागते, घाम वाळत नाही, जीव कासावीस होतो. उलट कोलकात्याचे कुटुंब बिकानेरला गेले, तर ते वारा यावा म्हणून भर दुपारी सर्व खिडक्या सताड उघडते आणि आत येते ती 'लू', म्हणजे भट्टीच्या तोंडातून यावी तशी आग. दोन्ही कुटुंबे शहाणी आहेत. परंतु त्यांचे शहाणपण ज्या हवेत जन्मले, त्या हवेतून ते बाहेर गेले आहे.

देहाचा जमाखर्च

हे असे का व्हावे, हे समजण्यासाठी मानवी देहाचा उष्णतेशी चालणारा व्यवहार पाहिला पाहिजे. देहाच्या आतील तापमान सुमारे ३७ अंश असते आणि ते तेथेच राहावे अशी निसर्गाची योजना आहे. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या देहातही शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता सतत निर्माण होत असते. ती बाहेर टाकली गेली नाही, तर देह तापत जाईल. त्वचेचे तापमान पस्तीस अंशांच्या आसपास असल्यामुळे भोवतालची हवा आणि भिंती त्याहून थंड असतील, तोवर ही उष्णता सहज बाहेर पडते. परंतु हवा पस्तिसाच्या वर गेली की व्यवहार उलटतो आणि बाहेरची उष्णता देहात शिरू लागते.

अशा वेळी देहाजवळ एकच साधन उरते आणि ते म्हणजे घाम. एक लिटर घाम त्वचेवरून वाफ होऊन गेला, तर तो आपल्याबरोबर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ही उष्णता साडेपाच लिटर थंडगार पाणी उकळी येईपर्यंत तापवण्यास पुरेल. मात्र येथे 'वाफ होऊन' हे शब्द महत्त्वाचे आहेत. ओघळून जमिनीवर पडलेला किंवा टॉवेलने पुसलेला घाम देहाला काहीच थंडावा देत नाही. तो देहातील पाणी व मीठ मात्र घेऊन जातो. घामाची वाफ होणे हे सर्वस्वी हवेच्या कोरडेपणावर आणि वाऱ्यावर अवलंबून असते.

कोरड्या प्रदेशात हवा तहानलेली असते. घाम येतो न येतो तोच ती पिऊन टाकते. तेथील माणसाला आपण घामाघूम झालो आहोत हे कळतही नाही, आणि पाणी किती गेले याचा अंदाज न आल्यामुळे तो अचानक गळून जातो. दमट प्रदेशात हवा आधीच तृप्त असते. तेथे घाम भरपूर येतो, दिसतो, परंतु वाफ होत नाही. म्हणून कोरड्या प्रदेशात शत्रू असतो तो बाहेरच्या हवेचा ताप, आणि दमट प्रदेशात शत्रू असतो तो आतल्या हवेचा ठप्पपणा. पहिल्यास घराबाहेर थोपवावे लागते, दुसऱ्यास घराबाहेर घालवावे लागते. आपल्या देशातील पारंपरिक घरांचा सारा विचार या दोन वाक्यांत सामावलेला आहे.

कोरड्या प्रदेशातील घर

जोधपूरला मे महिन्यात दिवस आणि रात्र यांच्या तापमानात चौदा-पंधरा अंशांचे अंतर असते. दिवस कितीही निर्दय असला, तरी रात्र दयाळू असते, हे कोरड्या प्रदेशाचे मोठे भाग्य होय. तेथील घर ही रात्रीची शीतलता साठवून दिवसा पुरवून पुरवून वापरणारी एक पेढीच असते. जाड दगडी किंवा मातीच्या भिंती ही या पेढीची तिजोरी. सकाळचे ऊन अशा भिंतीवर पडले, तरी त्याची धग आतल्या बाजूस पोहोचेपर्यंत संध्याकाळ उजाडते, आणि तोवर घरातील माणसे अंगणात किंवा गच्चीवर निजावयास गेलेली असतात.

जैसलमेरच्या पिवळ्या दगडांच्या हवेल्या परस्परांना खेटून अरुंद गल्ल्यांत उभ्या आहेत, त्यामागेही हाच विचार आहे. एकमेकांच्या सावलीत उभ्या असलेल्या घरांच्या फारच थोड्या भिंतींवर ऊन पडते. पुढे आलेले झरोके खालच्या भिंतीवर सावली धरतात. दगडी जाळ्या उजेड गाळून आत सोडतात. जयपूरच्या हवामहलाला, जो सवाई प्रतापसिंहाने १७९९ मध्ये बांधविला, ९५३ लहान लहान खिडक्या आहेत. अहमदाबादच्या पोळींतील घरांत मधोमध चौक असतो आणि त्या चौकाखाली पावसाचे पाणी साठविणारे टाके. रात्री चौकात उतरणारी थंड हवा भोवतालच्या खोल्यांत पसरते. उत्तर हिंदुस्थानातील जुन्या वाड्यांत दुपार काढण्यासाठी तहखाने, म्हणजे तळघरे, असत. मराठवाडा आणि खानदेशातील धाब्याची घरे, जाड मातीच्या भिंतींची आणि माती पसरलेल्या सपाट छपराची, याच कुळातील होत.

याच्या जोडीला पाण्याचा उपयोग. हवा तहानलेली असल्यामुळे तिला पाणी पाजले की ती थंड होते. अबुल फजल याच्या 'आईन-ए-अकबरी'त सोऱ्याच्या साहाय्याने पाणी थंड करण्याची रीत आणि वाळ्याच्या खोल्या यांचा उल्लेख आहे. वाळ्याच्या मुळांच्या ताट्या दारांना लावून त्यांवर पाणी मारावयाचे, म्हणजे त्यांतून येणारी लूदेखील गार आणि सुगंधी होते. आजचा कूलर हा याच ताटीचा विजेवर चालणारा वंशज आहे. माठ, सुरई, रांजण यांतही तोच नियम काम करतो. भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरणारे पाणी वाफ होऊन जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते.

कूलरच्या बाबतीत एक चूक मात्र सर्वत्र आढळते. थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून अनेक लोक कूलर लावून खोली बंद करतात. अशा खोलीत काही वेळातच हवा ओली होते, आणि ओल्या हवेला आणखी पाणी पिता येत नाही. कूलर स्वतः बाहेरची कोरडी हवा ओढील अशा खिडकीत असावा आणि समोरच्या बाजूची एक खिडकी किंवा दार थोडे उघडे असावे, म्हणजे ओली हवा निघून जाते. या एका सुधारणेने जुना कूलरही नव्यासारखे काम देऊ लागतो.

या वैभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वाळ्याच्या ताट्यांवर दिवसभर पाणी मारणारा भिश्ती आणि ओसरीत बसून दोरी ओढणारा पंखेवाला ही दोन्ही माणसेच होती, आणि ती ताटीच्या बाहेर उन्हात असत. जुन्या घरांतील गारवा पुष्कळदा दुसऱ्याच्या घामावर उभा होता.

दमट प्रदेशातील घर

मुंबईत मे महिन्यात दिवस आणि रात्र यांच्या तापमानात सहा-सात अंशांचेच अंतर असते. रात्र फारशी थंड होत नसेल, तर तिची शीतलता साठविणार कशी? म्हणून किनाऱ्यावर आणि पुराच्या मैदानांत जाड भिंतीचा उपयोग थोडा. तेथे घर म्हणजे तिजोरी नव्हे, तर छत्री. वर मोठे छप्पर आणि खाली जितका मिळेल तितका मोकळा वारा, हे तेथील सूत्र होय.

केरळातील 'नालुकेट्टू' घराचे छप्पर उंच आणि उतरते असते व त्याच्या वळचणी भिंतींच्या पुष्कळ पुढे आलेल्या असतात. त्यामुळे भिंतीवर ना ऊन पडते ना पाऊस. त्रिकोणी तोंडाशी असलेल्या लाकडी जाळीतून छपराखाली जमलेली गरम हवा निघून जाते. आसामातील मिसिंग लोकांचे 'चांग घर' तर जमिनीपासून खांबांवर उचललेले असते. बांबूच्या तट्ट्यांच्या जमिनीतून खालूनही वारा येतो. बंगालमधील वक्र गवती छपराच्या 'बांगला' घरावरून 'बंगला' हा शब्द जगभर गेला. कोलकात्याच्या जुन्या घरांना आडव्या पट्ट्यांची, हवी तशी वळविता येणारी लाकडी झडपे असत. त्यांना 'खडखडी' म्हणतात. ऊन बाहेर ठेवून वारा आत घेण्याची ही सुंदर युक्ती आहे. दक्षिणेकडे उघडणाऱ्या घराला त्या शहरात आजही अधिक मोल येते, कारण उन्हाळ्यातील सुखद वारा दक्षिणेकडून, समुद्रावरून येतो. कोकणातील कौलारू घराची पडवी आणि गोव्यातील घराचा बाल्कांव या जागाही अशाच, सावलीत बसून वारा खाण्यासाठी केलेल्या आहेत.

दक्षिणेतील आधुनिक वास्तुकारांत लॉरी बेकर यांनी ही परंपरा नव्या साहित्यात उतरविली. तिरुवनंतपुरम येथील सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेच्या इमारतींत त्यांनी विटांच्या जाळीच्या भिंती रचल्या. खिडकीची चौकट, काच आणि गज यांचा खर्च वाचवून संपूर्ण भिंतच वाऱ्यासाठी उघडी ठेवण्याचा हा मार्ग होता.

दमट प्रदेशात पंखा हे सर्वांत उपयोगी साधन आहे. त्वचेलगत साचलेली ओली हवा हलवून तो घामाला वाट करून देतो. येथेही दोन हवामानांतील भेद स्पष्ट दिसतो. सिडनी येथील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ४० अंश तापमानाच्या दमट हवेत पंख्यामुळे देहावरील ताण कमी झाल्याचे, तर ४७ अंशांच्या अतिशय कोरड्या हवेत तोच पंखा लावल्यामुळे ताण वाढल्याचे आढळून आले. कोरड्या आणि अति तप्त हवेत पंखा हा भात्यासारखे काम करतो. म्हणून भर दुपारी, बाहेरची हवा चाळिसाच्या वर असताना, कोरड्या प्रदेशात नुसत्या पंख्यावर विसंबून राहू नये; अंगावर ओले फडके घ्यावे किंवा अंग ओले करून मग वाऱ्यात बसावे.

अन्नातही हा विवेक आढळतो. ओडिशात रात्रीचा भात पाण्यात भिजवून किंचित आंबवून 'पखाळ' म्हणून दुपारी खातात, बंगालात त्यालाच 'पांता भात' म्हणतात. तमिळनाडूत पातळ ताक, म्हणजे 'नीर मोर', बिहारात सातूचे सरबत, महाराष्ट्रात कैरीचे पन्हे व ताक, कोकणात कोकमाचे सरबत. या सर्वांत पाणी आणि मीठ ही जोडी समान आहे, आणि घामाने देह जे गमावतो ते नेमके हेच. शिवाय शिळ्या भाताला किंवा सातूला दुपारी चूल पेटवावी लागत नाही. घरातील उष्णतेचा एक मोठा स्रोत स्वयंपाकघर हाच असतो आणि त्याची झळ प्रथम घरातील स्त्रीला लागते, हे ध्यानात घेतले तर या पदार्थांची योग्यता अधिक कळते. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, ही समजूत मात्र निराधार आहे. तो कांदा ताकाबरोबर खाल्ला, तर तेवढेच पाणी पोटात जाईल.

एकाच घरात दोन ऋतू

देशाचा फार मोठा भाग या दोन टोकांच्या मधे येतो. इमारतींसाठी केलेल्या राष्ट्रीय संहितेत भारताचे उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि शीत असे पाच हवामान-विभाग पाडलेले आहेत. दिल्ली हे संमिश्र विभागाचे ठळक उदाहरण होय. तेथे मे-जून महिन्यांत राजस्थानची हवा असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये बंगालची.

अशा ठिकाणी घर तेच राहिले, तरी त्यात राहण्याची रीत बदलावी लागते. मे महिन्यात सकाळी दारेखिडक्या लावून घेणे आणि सूर्यास्तानंतर सर्व उघडणे योग्य. पाऊस सुरू झाला की दिवसभर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, पंख्यावर भर द्यावा आणि कूलरमधील पाणी काढून टाकावे. नागपूर, अकोला, चंद्रपूर या भागांतील प्रत्येक गृहिणीला हा अनुभव आहे. मृगाच्या सरी येईपर्यंत ज्या कूलरने घर तारले, तोच पुढे घर चिकट करतो. त्यात साचलेले पाणी आठवडाभर तसेच राहिले, तर डासांची पैदास होते ती वेगळीच.

सर्वांत कठीण परिस्थिती उद्भवते ती या दोन्ही आपत्ती एकत्र आल्या म्हणजे. ओडिशा आणि आंध्रच्या किनारी भागांत कधी कधी जमिनीवरून येणारा तप्त वारा आणि समुद्रावरून येणारी आर्द्रता यांची गाठ पडते. १९९८ मध्ये ओडिशात उष्णतेच्या लाटेने दोन हजारांहून अधिक माणसे दगावली, आणि चक्रीवादळाप्रमाणे उष्णता हीदेखील एक आपत्ती आहे, याची जाणीव तेथील शासनाला झाली. हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी प्रदेशात ४० अंश, किनाऱ्यावर ३७ अंश आणि डोंगराळ भागात ३० अंश अशा निरनिराळ्या पायऱ्या ठरविल्या आहेत. त्यामागेही तापमानाचा एकच आकडा सर्वांना सारखा लागू पडत नाही, हेच तत्त्व आहे.

सिमेंटचे छप्पर

आता आजच्या घराकडे वळू. बिकानेर असो, कोलकाता असो वा कोची असो, गेल्या काही दशकांत सर्वत्र एकाच तऱ्हेचे घर उभे राहिले. चार-पाच इंच जाडीचा सपाट सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब, पातळ भिंती, वळचणीवाचून उघड्या पडलेल्या खिडक्या. हे घर कोरड्या प्रदेशात तिजोरी म्हणून अपुरे पडते आणि दमट प्रदेशात छत्री म्हणून. दिवसभर उन्हात तापलेला स्लॅब संध्याकाळपासून आपली उष्णता खाली सोडू लागतो आणि नेमक्या झोपेच्या वेळी वरच्या मजल्यावरील खोली भट्टी होते. पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्यांची अवस्था याहून बिकट. पत्रा रात्री लवकर निवतो खरा, पण दुपारी त्याच्याखाली थांबणे अशक्य असते, आणि तान्ही मुले, म्हातारी माणसे, घरी बसून विड्या वळणाऱ्या किंवा शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया यांना दुपारी दुसरीकडे जाण्यास जागा नसते.

याचे परिणाम केवळ गैरसोयीपुरते मर्यादित नाहीत. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यातील मृत्यूंचा नंतर अभ्यास झाला, तेव्हा नेहमीच्या मानाने सुमारे १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे आढळले. त्यांपैकी बहुतेकांच्या दाखल्यावर उष्माघात हा शब्द नव्हता. हृदय थकले, मूत्रपिंडे बंद पडली, जुना आजार बळावला, अशीच कारणे अशा वेळी नोंदली जातात. उष्णता बहुधा दुसऱ्याच्या नावाने मारते. या अनुभवानंतर त्या शहराने २०१३ मध्ये दक्षिण आशियातील पहिली उष्णता-कृती योजना आखली.

अशा घरावर सर्वांत स्वस्त उपाय छपरापासून सुरू होतो. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात दिला, तर उन्हाचा मोठा भाग परतविला जातो आणि स्लॅब कमी तापतो. गुजरातेत चिनीमातीच्या फुटक्या पांढऱ्या तुकड्यांनी गच्ची मढविण्याची पद्धत याच कारणासाठी रूढ झाली. पांढऱ्या छपरांना उत्तेजन देण्याचे धोरण तेलंगणाने २०२३ मध्ये जाहीर केले. हा उपाय कोरड्या आणि दमट दोन्ही प्रदेशांत सारखाच लागू पडतो, कारण सूर्याचे ऊन अडविणे हे दोहोंत हिताचेच असते. दुसरा असाच सर्वमान्य उपाय म्हणजे सावली आणि तीही खिडकीच्या बाहेर. आतल्या पडद्यावर पडलेले ऊन काचेतून आत आलेलेच असते. बाहेरची चटई, तट्ट्या किंवा वेलीचा मांडव त्याला उंबऱ्याबाहेरच रोखतो. पश्चिमेच्या भिंतीकडे याबाबतीत प्रथम लक्ष द्यावे.

वातानुकूलन यंत्र दोन्ही हवामानांत काम देते, कारण ते हवा थंडही करते आणि तिच्यातील ओलही काढते. रुग्ण आणि वृद्ध यांच्या दृष्टीने ते जीवरक्षक ठरू शकते. परंतु ते उष्णता नाहीशी करीत नाही, तर खोलीतून काढून गल्लीत टाकते, आणि ती गल्ली ज्याच्या खिडकीखाली असते, त्याला बहुधा ते यंत्र परवडत नसते. भिश्ती गेला, पण त्याची जागा अजून रिकामी झालेली नाही.

आपल्या घराची परीक्षा

आपले घर या क्षणी कोणत्या हवेत आहे, हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. भिंतीवर टांगावयाचे दोन साधे तापमापक घ्यावेत. एकाच्या पाऱ्याच्या फुग्याला पातळ मलमलीचे फडके गुंडाळून त्याचे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे आणि दोन्ही पंख्याच्या वाऱ्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवावेत. ओल्या तापमापकावरील आकडा कमी येईल. त्याला आर्द्र तापमान म्हणतात. घामाने निथळणारी त्वचा वाऱ्यात निवून निवून जेथवर येऊ शकेल, ती मर्यादा हा आकडा सांगतो.

समजा, बाहेर ४२ अंश तापमान आहे आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के आहे. अशा हवेत ओला तापमापक सुमारे २४ अंश दाखवील. अंतर अठरा अंशांचे. चांगला कूलर या अंतराचा सुमारे तीन-चतुर्थांश हिस्सा पदरात टाकतो, म्हणजे खोलीत येणारी हवा २८-२९ अंशांपर्यंत उतरते. आता किनाऱ्यावरची स्थिती पाहू. तापमान ३४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर ओला तापमापक सुमारे २९ अंश दाखवील. अंतर अवघे पाच अंशांचे. कूलरने तीन-चार अंश उतरतील, परंतु हवेतील ओल एवढी वाढेल की घाम वाळणेच थांबेल. ढोबळमानाने, अंतर बारा अंशांहून अधिक असेल तर दारे लावावीत आणि पाण्याची कास धरावी. सहाहून कमी असेल तर दारे उघडावीत आणि वाऱ्याची कास धरावी. मधल्या स्थितीत दिवसा पहिला मार्ग व रात्री दुसरा, हा क्रम बहुधा हितावह ठरतो.

हा ओला तापमापक आणखी एक गोष्ट सांगतो. आर्द्र तापमान ३५ अंशांवर गेले, तर सावलीत, वाऱ्यात, स्वस्थ बसलेला निरोगी माणूसही काही तासांपलीकडे तग धरू शकणार नाही, असे शास्त्रज्ञांनी गणिताने दाखविले होते. पेनसिल्व्हेनियातील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दमट हवेतील तरुण, निरोगी माणसांच्या देहाचा तोल ३१ अंशांच्या आसपासच ढळू लागल्याचे दिसले. वृद्धांची मर्यादा याहूनही खाली असणार. किनाऱ्यावरील घरांत हा आकडा तिशीला टेकला, तर ती रात्र केवळ उकाड्याची समजू नये.

धोक्याची खूण

उष्माघाताची सुरुवात डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे आणि गळून जाणे यांनी होते. या अवस्थेत माणसाला सावलीत आणून, कपडे सैल करून, मीठ-साखरेचे पाणी थोडे थोडे पाजल्यास तो बहुधा सावरतो. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण असावे, चमचा चहाचा. परंतु माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळख विसरला किंवा बेशुद्ध झाला आणि अंग चटका बसेल इतके तापले, तर ती जिवावरची अवस्था समजावी. अशा माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. त्याच्या सर्वांगावर पाणी ओतावे, वारा घालावा, मान, काखा आणि जांघा येथे बर्फ किंवा गार पाण्याचे फडके ठेवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत थंडावा देणे थांबवू नये. दमट प्रदेशात वाऱ्याने पाणी लवकर वाळत नाही, म्हणून तेथे बर्फ आणि गार पाणी यांवर अधिक भर द्यावा.

हे सर्व घडण्याआधी जे करता येते, ते फार साधे आहे. आपल्या शेजारी, स्लॅबखालच्या किंवा पत्र्याखालच्या खोलीत एकटे राहणारे वृद्ध माणूस असेल, तर उन्हाळ्यात दिवसातून दोनदा त्याच्या दारावर थाप मारावी. संध्याकाळी एकदा पाहावे, कारण दिवसभराच्या तापाने देह तेव्हा थकलेला असतो. आणि पहाटे एकदा पाहावे, कारण रात्र निवली नसेल, तर त्या थकलेल्या देहाला विसावा मिळालेला नसतो. त्याची खिडकी उघडावी की लावावी, हे सांगण्यापुरते ज्ञान आता आपल्याजवळ आहे.